लुसी विल्स : फॉलिक ॲसिडच्या गोळीमागची मुंबईतली गोष्ट

दिवस राहिल्याचं कळलं की दवाखान्यातून तुमच्या हातात बहुतेक सर्वांत आधी पडते ती फॉलिक ॲसिडची गोळी. चौथ्या महिन्यापासून आशाताई किंवा परिचारिका लाल रंगाच्या लोहाच्या गोळ्या देतात, त्यांतही ते असतंच. ही गोळी इतकी स्वस्त आणि इतकी सवयीची झाली आहे की ती कुठून आली, ती उपयोगी पडते हे कुणी आणि कसं ठरवलं, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत सापडतो. तो शोधणाऱ्या बाईंचं नाव डॉ. लुसी विल्स.

त्यांची गोष्ट सांगण्याचं आणखी एक कारण आहे. त्यांनी एका आजाराचा इलाज शोधलाच, पण सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे दिसणारे दोन आजार प्रत्यक्षात वेगळे आहेत हेही दाखवून दिलं. हा फरक आज, आपल्याकडच्या शाकाहारी घरांत, तुमच्यासाठीही महत्त्वाचा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

उशिरा सुरू झालेली डॉक्टरकी

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड इथे झाला. घरचा धंदा विळे-कोयत्यांसारखी धारदार अवजारं बनवण्याचा होता आणि आईचे वडील डॉक्टर होते. घरात विज्ञानाची आवड होती. चेल्टनहॅमची मुलींची शाळा संपवून त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. तिथे वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या आणि १९११ मध्ये शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही, कारण केंब्रिज त्या काळी बायकांना परीक्षा देऊ देई, पदवी देत नसे. ही चूक विद्यापीठाने १९४८ साली दुरुस्त केली. तोवर विल्स साठीला पोहोचल्या होत्या.

मधली काही वर्षं कठीण गेली. १९११ मध्ये वडील वारले, १९१३ मध्ये बहीण गेली. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या आणि केप टाउनमध्ये काही काळ त्यांनी स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केलं. परत आल्यावर १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत नाव घातलं. १९२० साली त्या डॉक्टर झाल्या तेव्हा वय ३२ होतं. पुढे दवाखाना थाटण्याऐवजी त्या लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात, म्हणजे रक्त-लघवी-ऊतींच्या तपासण्या जिथे होतात त्या विभागात, रुजू झाल्या. रक्त हाच त्यांचा विषय ठरला.

मुंबईतल्या गरोदर बायका

१९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या. त्या काळी इथे गरोदरपणात होणारा एक भयंकर ॲनिमिया डॉक्टरांना हैराण करत होता. भारतातल्या स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्याकडे लक्ष वेधलं होतं. गिरण्यांत राबणाऱ्या, गरीब वस्त्यांतल्या बायका सातव्या-आठव्या महिन्यात पांढऱ्याफटक पडत, पायांवर सूज येई, चार पावलं चालल्या की धाप लागे. कित्येक बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर दगावत. भारतीय संशोधन निधी संघटनेने (आजच्या आयसीएमआरची ही पूर्वज संस्था) मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली होती आणि त्यातलं हे काम विल्स यांच्याकडे आलं.

रक्त काचपट्टीवर पसरून पाहिलं की चित्र स्पष्ट दिसे. तांबड्या पेशी संख्येने फार कमी असत, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. लोह कमी पडलं तर पेशी लहान आणि फिक्या होतात, इथे त्या मोठ्या होत्या. असं चित्र डॉक्टरांना एका वेगळ्या आजारातून ओळखीचं होतं. त्याला पर्निशियस ॲनिमिया, म्हणजे घातक ॲनिमिया, म्हणत. म्हणून मुंबईच्या या आजाराचं नाव पडलं होतं गरोदरपणातला पर्निशियस ॲनिमिया.

नाव पडलं की माणूस शोधायचा थांबतो, डॉक्टरसुद्धा. विल्स थांबल्या नाहीत. युरोपातल्या पर्निशियस ॲनिमियात जठरातलं आम्ल जवळजवळ संपलेलं असतं आणि पुष्कळ रुग्णांच्या नसा, मज्जारज्जू बिघडतात. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. मुंबईच्या बायकांमध्ये ही चिन्हं नव्हती. रक्त तसंच, पण बाकीचं शरीर वेगळं काहीतरी सांगत होतं.

ताटात काय होतं?

हाफकिन संस्थेत बसून त्यांनी रक्त तर तपासलंच, पण या बायका काय खातात, कशा घरांत राहतात याचीही पाहणी केली. ही पाहणी त्यांनी एस. एन. तळपदे यांच्यासोबत केली आणि १९३० मध्ये ती प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या थरांतल्या बायकांची तुलना केल्यावर दिसलं की जिथे आहार सर्वांत निकृष्ट, तिथे हा ॲनिमिया सर्वांत जास्त. गरीब मुस्लिम घरांतल्या बायकांचे हाल सर्वांत वाईट होते.

इथे थोडं थांबा, कारण आरोग्याच्या बातम्या वाचताना हा मुद्दा नेहमी लागतो. गरीब बाईच्या ताटात भाज्या कमी असतात, हे खरं. पण तिच्या घरात हवा कमी असते, कष्ट जास्त असतात, बाळंतपणं लागोपाठ होतात, जंतही जास्त असतात. मग ॲनिमिया कशामुळे? आहार आणि आजार सोबत दिसतात एवढ्यावरून आहारामुळेच आजार झाला असं म्हणता येत नाही. पाहणी फक्त संशयित दाखवते. गुन्हा सिद्ध करायला प्रयोग लागतो.

विल्स यांनी प्रयोग सुरू केले. १९२९ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर त्या निलगिरीतल्या कुन्नूरला पाश्चर संस्थेत होत्या. तिथे रॉबर्ट मॅकॅरिसन आहारावर संशोधन करत होते. मुंबईच्या त्या गरीब बायका जे खात, तेच विल्स यांनी उंदरांच्या माद्यांना दिलं. गाभण माद्यांना ॲनिमिया झाला, पिल्लं होण्याआधीच त्या मेल्या. आहारात यीस्ट घातलं की ॲनिमिया टळत होता. म्हणजे यीस्टमधलं, बहुधा ब गटातलं, काहीतरी यात होतं.

पण या प्रयोगात एक खोट निघाली. उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि त्या उवा एक जंतू पसरवत होत्या. तो जंतूही उंदरांच्या तांबड्या पेशी नष्ट करतो. मग ॲनिमिया आहाराने की उवांनी? अशा वेळी निकाल आवडीचा आहे म्हणून उवांकडे काणाडोळा करण्याचा मोह कुणालाही होईल. विल्स यांनी प्राणीच बदलला. बिलिमोरिया यांच्यासोबत त्यांनी ऱ्हीसस माकडांवर तेच काम पुन्हा केलं, आणि निकृष्ट आहारावरच्या माकडांना तोच मोठ्या पेशींचा ॲनिमिया झाला.

याच माकडांमधल्या एका मरणासन्न माकडाला मार्माइट चाटवलं आणि ते तरतरीत झालं, अशी गोष्ट आवडीने सांगितली जाते. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा खारट, काळपट अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. गोष्ट छान आहे. पण एका माकडावरून औषध ठरत नाही, आणि विल्स यांनीही ते तसं ठरवलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसाचा पुरावा

त्यांनी मार्माइट रुग्णांना दिलं. का, ते समजून घ्या. १९२६ साली बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांना रोज भरपूर यकृत, म्हणजे कलेजी, खाऊ घालून बरं करता येतं हे दाखवलं होतं. त्यासाठी त्यांना पुढे १९३४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. यकृताचे अर्क मिळू लागले होते, पण ते महाग होते. मुंबईच्या वॉर्डात अशा बायकांची रांग लागलेली असताना ते कुणाकुणाला पुरणार? मार्माइट स्वस्त होतं, बरणीत टिकत होतं.

परिणाम मोजायची रीतही त्यांच्याकडे चांगली होती. अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी विशेष रंग देऊन ओळखता येतात. त्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात. योग्य ते पोषक द्रव्य मिळालं की अडलेली मज्जा कामाला लागते आणि चार-पाच दिवसांतच या कोवळ्या पेशींचा आकडा झपाट्याने चढतो. त्यानंतर एकूण पेशी वाढतात, बाईला भूक लागते, चेहऱ्यावर रंग येतो. बाई किती ताजीतवानी दिसते यावर विसंबायची गरज नव्हती, आकडे बोलत होते.

१९३१ मध्ये विल्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निकाल छापले. आजच्या कसोटीवर हा अभ्यास तुम्ही तपासलात तर त्यात चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट दिसणार नाहीत, खोटी गोळी दिसणार नाही. शिवाय हा ॲनिमिया बाळंतपणानंतर कधीकधी आपोआपही सुधारतो. मग हा पुरावा मानायचा का? माझ्या मते मानायचा, आणि त्याचं कारण ती वेळ. कित्येक दिवस जागचा न हललेला आकडा मार्माइट सुरू केल्यावर ठरावीक दिवशीच उसळतो, आणि हे एकामागून एक रुग्णांत घडतं, तेव्हा योगायोगाला फारशी जागा उरत नाही. एरवी फरक लहान असेल, हळूहळू पडणारा असेल, तर तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासावर मुळीच विसंबू नका. बाजारातल्या बहुतेक टॉनिकांचे दावे असेच असतात.

दोन आजार वेगळे करणारा प्रयोग

१९३३ मध्ये त्या रॉयल फ्रीमध्ये परतल्या. मुंबईचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. मार्माइटमधलं ते द्रव्य कोणतं? यकृतात असतं तेच की दुसरं?

१९३७ च्या शेवटी त्या दहा आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिनला आल्या. या खेपेस त्यांनी इंग्लंडहून कराचीपर्यंत विमानाने प्रवास केला, तोही समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने, मुक्काम करत करत. पुढे कराचीहून बोटीने. तोवर यकृताचे दोन तऱ्हेचे अर्क उपलब्ध झाले होते, एक कच्चा आणि दुसरा पुष्कळ शुद्ध केलेला. युरोपातल्या पर्निशियस ॲनिमियाला शुद्ध अर्क उत्तम लागू पडे. विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो शुद्ध अर्क या उष्ण प्रदेशातल्या ॲनिमियाला लागू पडत नाही, कच्चा अर्क मात्र पडतो.

मला त्यांचं सर्वांत मोठं काम हेच वाटतं, मार्माइटपेक्षाही. शुद्ध करताना अर्कातून काहीतरी गळून जात होतं आणि मुंबईच्या बायकांना नेमकं तेच हवं होतं. म्हणजे यकृतात रक्त बनवणारी निदान दोन द्रव्यं होती, आणि रक्ताचं चित्र सारखं असलं तरी आजारही दोन होते. या न सापडलेल्या द्रव्याला विल्स फॅक्टर हे नाव मिळालं.

पुढे त्याचा पत्ता लागला. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव दिलं. १९४५ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनवता येऊ लागलं. शुद्ध अर्कात टिकून राहणारं दुसरं द्रव्य १९४८ मध्ये हाती लागलं, ते जीवनसत्त्व बी १२.

गफलत कुठे होते

पेशीचे दोन भाग व्हायचे तर आधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल तयार व्हावी लागते. त्या कामाला फॉलिक ॲसिड लागतं. ते नसेल तर मज्जेतली पेशी वाढत राहते पण दुभंगत नाही, म्हणून ती मोठी होते. गरोदरपणी बाळ, वार आणि आईचं वाढतं रक्त, तिघांनाही नव्या पेशी हव्या असतात, म्हणून साठा आधीच कमी असलेल्या बाईचा तोल तेव्हा जातो. बी १२ चं काम असं की ते शरीरातल्या फॉलेटला वापरण्याजोग्या रूपात आणतं. बी १२ नसेल तर फॉलेट असूनही अडकून पडतं, आणि रक्ताचं चित्र तसंच दिसतं. पण बी १२ नसांनाही लागतं, आणि तिथे फॉलिक ॲसिड त्याची जागा घेऊ शकत नाही.

फॉलिक ॲसिड बाजारात येताच डॉक्टरांनी ते पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांनाही दिलं. रक्त सुधारलं, सगळे खूश झाले. काही महिन्यांनी त्यांतल्या काहींच्या नसा बिघडू लागल्या, चालणं अवघड झालं. रक्ताचा अहवाल चांगला दिसत होता आणि आजार आतून पुढे सरकत होता. दोन्ही ॲनिमिया वेगळे आहेत हे विल्स यांनी आधीच दाखवलं होतं. त्याची किंमत अशी कळली.

शेवटची वर्षं

दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्येच राहून प्रयोगशाळेचं काम करत राहिल्या. शिधावाटपाचा आणि लोहाच्या गोळ्यांचा गरोदर बायकांच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो याचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसोबत केला आणि तो १९४७ मध्ये छापून आला. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या, पण जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असं फिरून आहार आणि ॲनिमियावर काम करत राहिल्या. लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविकाही झाल्या. लग्न केलं नाही. सायकल आणि डोंगर यांची आवड होती. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, हिबर्ड आणि स्मिथेल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी एक शंका मांडली : आईत फॉलेट कमी असल्याने बाळाच्या मेंदू-मणक्यात दोष राहत असतील का? पक्का पुरावा यायला १९९१ उजाडलं. आधीचं मूल अशा दोषाचं झालेल्या सुमारे १८०० बायकांवर सात देशांत, चिठ्ठ्या टाकून गट पाडून, अभ्यास झाला. फॉलिक ॲसिड न मिळालेल्या गटांत अशी २१ गर्भारपणं निघाली, मिळालेल्या गटांत ६. धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला आणि अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. मणका गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच मिटतो, तेव्हा पुष्कळ जणींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच मूल हवं असं ठरवलंत की किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची, ती पहिले तीन महिने चालू ठेवायची. आधीच्या बाळात असा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर मात्रा जास्त लागू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवायची.

आता पुण्याकडे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं अभ्यासली. २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत निम्म्याहून कितीतरी जास्त बायकांत बी १२ कमी होतं, फॉलेट मात्र बहुतेकींत पुरेसं होतं. ज्या आयांत बी १२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. मधुमेहाच्या वाटेवरची ती पहिली पायरी मानतात. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे संशयित दाखवणारा. त्यावरून गोळी बंद करू नका. मणक्याच्या दोषांबाबतचा पुरावा प्रयोगाचा आहे आणि फार पक्का आहे.

करायचं ते एवढंच. तुम्ही शाकाहारी असाल, दूध-दही कमी घेत असाल, मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील, तर फॉलिक ॲसिड सुरू करताना डॉक्टरांना बी १२ ची तपासणी विचारा. पालक, मेथी, चवळी, हरभरा यांतून फॉलेट मिळतं (भाजी फार वेळ उकळून पाणी टाकून देऊ नका), पण बी १२ पालेभाजीत नसतं. हातापायांना मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटल्याचं कळत नसेल, तर हिमोग्लोबिन चांगलं आलं आहे म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.